अपुरी स्मृती आणि फ्लॅश साठवणीचा आधार

हैदराबादच्या ईशान्य भागातील ए. एस. राव नगर ही वसाहत ज्यांच्या नावाने ओळखली जाते, त्या डॉ. अय्यगारी सांबशिव राव यांचे नाव भारतीय संगणकाच्या इतिहासाशी निगडित आहे. १९६७ साली हैदराबाद येथे स्थापन झालेल्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या केंद्र शासनाच्या उपक्रमाचे ते संस्थापक होत. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात १९६९ च्या सुमारास सिद्ध झालेला टीडीसी-१२ हा संगणक पुढे याच उपक्रमाने तयार करून देशातील संस्थांना पुरविला. त्याची स्मृती बारीक चुंबकीय कड्यांची होती. बारा बिटांच्या एका शब्दाने थेट निर्देशिता येतील अशा जागा ४,०९६ होतात. त्या सगळ्या भरल्या तरी आजच्या हिशोबाने साठा भरतो अवघा ६ किलोबाइटचा. आजचा संगणक स्मृतीचा जो तुकडा एका खेपेस हलवितो, तो एक तुकडाच बहुधा ४ किलोबाइटचा असतो.

स्मृती इतकी वाढली, तरी ती पुरत नाही ही तक्रार मात्र मिटलेली नाही. कार्यालयांत आणि शाळांत आजही २ किंवा ४ गिगाबाइट स्मृतीचे जुने संगणक वापरात आहेत. एका बाजूला संकेतस्थळ उघडलेले, दुसऱ्या बाजूला तक्ता, तिसरीकडे छायांकित दस्तऐवज, अशी स्थिती झाली की यंत्र अडखळू लागते आणि दाखल्यासाठी आलेला मनुष्य खिडकीपाशी तिष्ठत राहतो. अशा वेळी एक सल्ला हमखास दिला जातो : पेन ड्राइव्ह लावा आणि त्यालाच जादा स्मृती म्हणून वापरा. हा सल्ला पूर्णपणे चुकीचा नाही आणि पूर्णपणे बरोबरही नाही. तो कोठे लागू पडतो आणि कोठे नुकसान करतो, हे समजून घेण्यासाठी प्रथम संगणकाची कार्यप्रणाली स्मृतीची ने-आण कशी करते ते पाहावे लागेल.

टेबल आणि अभिलेख कक्ष

हैदराबादेत तारनाका येथे राज्याचे अभिलेखागार आहे. मोगलकालीन आणि आसफजाही राजवटीची कागदपत्रे तेथे जतन करण्यात आली आहेत. अशा ठिकाणी काम करणाऱ्या लिपिकाची कल्पना करावी. त्याच्या टेबलावर मोजक्याच संचिका मावतात. नवी संचिका हवी असेल तर टेबलावरील एखादी, जिच्याकडे बराच वेळ पाहिलेले नाही अशी, उचलून आत ठेवावी लागते. संगणकाची मुख्य स्मृती म्हणजे हे टेबल. तेथे मावत नाही ते तात्पुरते ठेवण्यासाठी साठवणीवर जी जागा राखून ठेवतात तिला स्वॅप म्हणतात. मराठीत तिला अदलाबदलीची जागा म्हणता येईल. विंडोज प्रणालीत ती पेजफाइल या नावाने असते, तर लिनक्समध्ये वेगळा विभाग किंवा वेगळी फाइल म्हणून असते.

ही युक्ती नवी नाही. इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेल्या अ‍ॅटलास संगणकात, १९६२ साली, ती प्रथम मोठ्या प्रमाणावर वापरण्यात आली. त्या यंत्राची मुख्य स्मृती १६,३८४ शब्दांची होती आणि जोडीला फिरत्या चुंबकीय पिंपांवर ९८,३०४ शब्दांची जागा होती. दोहोंमधील ने-आण ५१२ शब्दांच्या ‘पानां’नी होत असे, आणि ती यंत्र स्वतःच करी. आज्ञावली लिहिणाऱ्यास सारी स्मृती एकसंध भासे. आजची आभासी स्मृती ही त्याच कल्पनेची संतती होय.

या व्यवस्थेत महत्त्वाचा प्रश्न अंतराचा आहे. मुख्य स्मृतीतून एखादी गोष्ट मिळण्यास साधारणपणे एका सेकंदाचा एक कोट्यंश भाग लागतो. चांगल्या फ्लॅश साठवणीतून, म्हणजे एसएसडीमधून, ती मिळण्यास त्याच्या सुमारे हजारपट वेळ जातो आणि फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवरून सुमारे लाखपट. टेबलावरील संचिका उचलण्यास एक सेकंद लागतो असे मानले, तर एसएसडीवरील संचिका सतरा मिनिटांनी हाती येईल आणि हार्ड डिस्कवरील संचिका दुसऱ्या दिवशी, म्हणजे जवळजवळ अठ्ठावीस तासांनी! स्वॅप हार्ड डिस्कवरून फ्लॅशवर नेली की जुने यंत्र एकदम ताजेतवाने झाल्यासारखे का वाटते, याचे उत्तर या आकड्यांत आहे. पण सतरा मिनिटे म्हणजे एक सेकंद नव्हे, हेही त्याच आकड्यांत आहे.

एकाच वेळी चाललेल्या कामांना लागणारी पाने टेबलावर मुळीच मावत नसतील, तर काय होते? लिपिक एक संचिका आत ठेवून दुसरी आणतो, तोच पहिली लागते. ती आणावी तर तिसरी ठेवावी लागते. दिवसभर नुसती ये-जा होते आणि काम एका ओळीनेही पुढे सरकत नाही. या अवस्थेला थ्रॅशिंग म्हणतात. पीटर डेनिंग या अमेरिकी संशोधकाने १९६८ साली तिची मीमांसा केली. साठवण कितीही चपळ असली तरी ही अवस्था टळत नाही. ती केवळ थोडी सुसह्य होते.

फ्लॅशचा स्वभाव

फ्लॅश स्मृतीचा शोध जपानमधील तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी लावला. १९८४ साली त्यांनी तिची माहिती जगापुढे मांडली आणि आज पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड व एसएसडीमध्ये वापरली जाते ती नँड जातीची फ्लॅश १९८७ साली पुढे आणली. साठविलेला मजकूर एका झटक्यात पुसला जातो हे पाहून एका सहकाऱ्यास छायाचित्रकाराच्या दिव्याचा लखलखाट आठवला, आणि त्यावरून हे नाव पडले.

नावात पुसण्याचा उल्लेख आहे हे बरेच झाले, कारण फ्लॅशची सारी अडचण पुसण्यातच आहे. फ्लॅशच्या प्रत्येक कोशात एका अतिपातळ निरोधक थराआड विद्युतभार कोंडून ठेवलेला असतो. लिहिताना भार आत ढकलतात, पुसताना बाहेर काढतात. लिहिणे काही किलोबाइटच्या पानावर होते. पुसणे मात्र अशा शेकडो पानांच्या गठ्ठ्यावरच, म्हणजे शेकडो किलोबाइट ते कित्येक मेगाबाइटच्या ठोकळ्यावर, एकदमच करावे लागते. लिहिलेल्या पानावर पुन्हा लिहिता येत नाही. शाळेतील पाटीवर एक अक्षर चुकले की बोटाने तेवढेच पुसता येते. फ्लॅशची पाटी अशी आहे की एक अक्षर बदलण्यासाठी उरलेला मजकूर दुसऱ्या पाटीवर उतरवून घ्यावा आणि पहिली पाटी संपूर्ण धुवावी. आणि प्रत्येक धुण्यागणिक पाटीचा काळा थर थोडा थोडा झिजतो.

ही झीज किती? एका कोशात एकच बिट ठेवणारी जुन्या पद्धतीची फ्लॅश सुमारे एक लाख वेळा पुसणे सोसते. दोन बिटांची काही हजार वेळा, तीन बिटांची साधारणपणे एक ते तीन हजार वेळा आणि चार बिटांची त्याहूनही कमी. साठवण स्वस्त झाली ती बिटांची अशी दाटी करून, आणि तिची किंमत आयुष्याने चुकविली आहे. बाजारात मिळणाऱ्या साध्या पेन ड्राइव्हमध्ये कोणती फ्लॅश आहे हे बहुधा वेष्टनावर लिहिलेलेही नसते.

एसएसडीमध्ये या दोषावर इलाज म्हणून एक छोटा नियंत्रक संगणकच बसविलेला असतो. शेतकरी जसा पिकांची फेरपालट करतो, तसा हा नियंत्रक लेखनाचा भार सर्व ठोकळ्यांवर फिरवत ठेवतो, काही ठोकळे राखीव बाळगतो आणि लहान लहान लेखने एकत्र करून मोठ्या खेपेने उतरवितो. कार्यप्रणाली ‘हे पान आता नको’ अशी सूचना त्याला देऊ शकते. लिनक्समध्ये २००९ साली स्वॅपसाठीही ही सोय करण्यात आली. पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्डातही नियंत्रक असतो, पण तो छायाचित्रे किंवा चित्रपट यांसारख्या मोठ्या, सलग फाइली उतरविण्यासाठी बेतलेला. स्वॅपचे लेखन तुटक आणि विखुरलेले असते. चार किलोबाइटचे एक पान बदलण्यासाठी चार मेगाबाइटचा ठोकळा हलवावा लागला, तर मागितलेल्या कामाच्या हजारपटीहून अधिक झीज होते. ही अगदी वाईटातील वाईट स्थिती असली, तरी स्वस्त कार्डाच्या बाबतीत ती कल्पनेतील नव्हे.

झिजेचा हिशोब

एक उदाहरण घेऊ. २ गिगाबाइट स्मृतीचा संगणक आहे आणि तो कामाच्या आठ तासांत सरासरी दर सेकंदास २ मेगाबाइट मजकूर स्वॅपमध्ये उतरवितो असे मानू. हा आकडा मुद्दाम जड घेतला आहे. दिवसाचे लेखन सुमारे ५८ गिगाबाइट होईल. १६ गिगाबाइटचा पेन ड्राइव्ह हजार पुसण्यांचा असेल, तर तो आदर्श स्थितीत एकूण १६,००० गिगाबाइट सोसेल, म्हणजे कामाचे पावणेतीनशे दिवस. पण विखुरलेल्या लेखनामुळे झीज केवळ दहापट झाली, तरी तो महिन्याचे कामाचे दिवस संपवून फारसा पुढे जाणार नाही. उलट, २५० गिगाबाइटच्या आसपासच्या साध्या एसएसडीस १५० टेराबाइट लेखनाची ग्वाही असेल, तर तेवढ्याच भाराखाली ती सुमारे २,६०० दिवस टिकेल. वर्षाचे कामाचे दिवस २५० धरले, तर ही दहा वर्षांहून अधिक मुदत झाली. तोवर संगणकच मोडीत निघेल.

सारांशाने विचार करणाऱ्यास येथे थांबावेसे वाटेल, पण एक गैरसमज दूर केला पाहिजे. एसएसडी नवी असताना ‘तिच्यावर स्वॅप ठेवू नका, ती झिजेल’ असे अनेक जाणकारही सांगत. मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनी २००९ साली, विंडोज ७ च्या वेळी, प्रत्यक्ष वापराच्या नोंदी तपासून याचे उत्तर दिले. पेजफाइलमधून होणारी वाचने लेखनांच्या सुमारे चाळीसपट निघाली. वाचने बहुतांशी लहान आणि विखुरलेली होती. लेखने पुष्कळशी मोठी आणि सलग होती. लहान विखुरलेले वाचन हे तर फ्लॅशचे बलस्थान आणि फिरत्या तबकडीचे मर्मस्थान. तेव्हा पेजफाइल एसएसडीवरच असावी, असा त्यांचा निर्वाळा होता. पुरेशी स्मृती असलेल्या आणि क्वचितच स्वॅपकडे वळणाऱ्या यंत्राला तो आजही लागू पडतो. वरच्या उदाहरणातील यंत्र मात्र रोज आठ तास स्वॅपवरच जगते. तेथे दोष साठवणीचा नसून टेबल लहान असण्याचा आहे.

मोबाइल दूरध्वनींच्या बाबतीत हा विवेक लवकर दिसून आला. त्यांची साठवण फ्लॅशचीच असते. तरीही अँड्रॉइडच्या कर्त्यांनी कमी स्मृतीच्या उपकरणांसाठी फ्लॅशवर स्वॅप करण्यापेक्षा वेगळा मार्ग धरला. न लागणारी पाने बाहेर नेण्याऐवजी ती मुख्य स्मृतीतच दाबून, आकसून ठेवावयाची. झेडरॅम असे या व्यवस्थेचे नाव असून अँड्रॉइडच्या २०१३ मधील आवृत्तीत तिला पाठबळ मिळाले. फेडोरा या लिनक्स वितरणाने २०२० पासून तीच आपली नेहमीची स्वॅप केली. टेबलावरचे कागद घडी घालून ठेवण्यासारखाच हा प्रकार आहे. घडी घालण्यास आणि उलगडण्यास प्रक्रियकाला थोडे श्रम पडतात, पण सतरा मिनिटांची वाट त्यापेक्षा फार लांबची आहे.

आधार आणि उधार

पेन ड्राइव्हने स्मृती वाढते ही समजूत मुख्यतः २००७ साली विंडोज व्हिस्टाबरोबर आलेल्या रेडीबूस्ट या सोयीने पसरली. या कंपनीचे एक विकासकेंद्र १९९८ पासून हैदराबादेत आहे, त्यामुळे त्या काळी शहरात या सोयीची चर्चा अधिक झाली असल्यास नवल नाही. रेडीबूस्ट ही स्वॅप नव्हे. हार्ड डिस्कवर जे आहे त्याची जादा प्रत ती पेन ड्राइव्हवर ठेवते, जेणेकरून लहान वाचने लवकर व्हावीत. मूळ मजकूर डिस्कवर शाबूत असतो. म्हणून कोणी चालू कामात पेन ड्राइव्ह उपटला तरी काही बिघडत नाही. यंत्र पुन्हा डिस्ककडे वळते, एवढेच. शिवाय पेन ड्राइव्ह पुरेसा चपळ आहे की नाही हे प्रणाली आधी तपासून पाही आणि अपुरा असल्यास तो नाकारी.

लिनक्समध्ये पेन ड्राइव्ह थेट स्वॅप म्हणून जोडता येतो आणि येथेच खरा धोका आहे. स्वॅपमध्ये गेलेल्या पानाची दुसरी प्रत कोठेही नसते. संचिका टेबलावरून उचलून आत ठेवली आणि आतील खोलीच कोणी उचलून नेली, असा हा प्रकार होतो. झाडलोट करताना धक्का लागला, खोबण सैल झाली किंवा कोणी सहज आपली फाइल आणण्यासाठी तो काढला, तर चालू असलेली कामे कोसळतात आणि जतन न केलेली नोंद जाते. अर्धी भरलेली मतदारयादी किंवा गुणपत्रिका अशी गेल्यास ती पुन्हा भरण्यावाचून गत्यंतर नसते. वीजपुरवठा अचानक खंडित होणाऱ्या ठिकाणी आणखी एक भय असते. लेखन चालू असताना वीज गेली तर स्वस्त कार्डातील नियंत्रकाचा ठावठिकाण्यांचा तक्ताच बिघडतो आणि सगळे कार्ड निकामी होऊ शकते. त्याच कार्डावर कार्यालयीन फाइलीही असतील, तर स्वॅपपायी त्याही जातात. लहानशा रास्पबेरी पाय संगणकाची प्रणाली मेमरी कार्डावर चालते. तिच्या कर्त्यांनी अनेक वर्षे स्वॅपची नेहमीची मर्यादा अवघी १०० मेगाबाइट ठेवली होती, ती उगाच नव्हे.

हैदराबादच्या उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांपलीकडे जातो, तेव्हा उष्णतेने फ्लॅशमधील मजकूर उडेल काय, असाही प्रश्न विचारला जातो. कोंडलेला भार उष्णतेने लवकर झिरपतो हे खरे. पण स्वॅपमधील मजकुराचे आयुष्य यंत्र बंद होईपर्यंतचेच असल्याने त्याला ही भीती नाही. झिजलेल्या ठोकळ्यांत दीर्घकाळ ठेवलेल्या फाइलींना ती आहे.

गोपनीयतेचा प्रश्न

तांत्रिक चर्चेत मागे पडणारी, पण शासकीय कार्यालयाच्या दृष्टीने सर्वांत गंभीर बाब निराळीच आहे. स्वॅपमध्ये काय जाते हे वापरणाऱ्याच्या हाती नसते. पडद्यावरील अर्जातील नाव, पत्ता, बँकेचा खाते क्रमांक, उघडलेला पत्रव्यवहार, कधी परवलीचा शब्दही, स्मृतीत जे होते ते साठवणीवर उतरते. फ्लॅशवर ते सहजी पुसताही येत नाही. झीज वाटून घेण्यासाठी नियंत्रक नवा मजकूर नव्या ठोकळ्यावर लिहितो. जुना जुन्या जागी पडून राहतो. ‘वरून शून्ये लिहून टाकली’ असे समाधान तबकडीच्या बाबतीत मानता येई, फ्लॅशच्या बाबतीत मानता येत नाही. खिशात मावणारी, हरवणारी, घरी नेली जाणारी वस्तू ही नागरिकांच्या माहितीचा साठा कशी बनते हे यावरून ध्यानात येईल. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल विदा संरक्षण अधिनियमाने अशा माहितीच्या सुरक्षिततेची जबाबदारी ती हाताळणाऱ्यावर टाकली आहे. रेडीबूस्टच्या रचनाकारांनी ही गोष्ट ओळखून पेन ड्राइव्हवरील प्रत प्रथमपासूनच कूटबद्ध ठेवली होती. लिनक्समध्येही स्वॅप कूटबद्ध करता येते. त्यासाठी यंत्र सुरू होताना दर वेळी नवी, यादृच्छिक किल्ली तयार करण्याची सोय आहे. यंत्र बंद झाले की किल्ली नाहीशी होते आणि उरलेला मजकूर निरर्थक ठरतो.

प्रत्यक्षात काय करावे

जुना संगणक हाती असेल, तर प्रथम तो किती स्वॅप वापरतो हे एक-दोन दिवस पाहावे. लिनक्समध्ये आणि विंडोजमध्ये त्यासाठी साधने अंगचीच असतात. स्वॅपमध्ये मजकूर पडून असणे हे वाईट लक्षण नव्हे. सतत ये-जा चालू असणे हे आहे. ये-जा चालू असेल तर मुख्य स्मृती वाढविणे हाच खरा उपाय. सिकंदराबादच्या पार्कलेन भागातील चिनॉय ट्रेड सेंटरसारख्या बाजारांत जुन्या यंत्रांचे सुटे भाग मिळतात. मात्र स्मृतिपट्टीची पिढी यंत्राशी जुळली पाहिजे, एका पिढीची पट्टी दुसरीच्या खोबणीत बसत नाही. पट्टी मिळत नसेल किंवा खोबणी भरल्या असतील, तर लिनक्स यंत्रावर झेडरॅम सुरू करावे आणि तिला वरचा अग्रक्रम द्यावा.

त्यानंतरच फ्लॅशची पाळी. हार्ड डिस्क काढून तिच्या जागी लहानशी एसएसडी बसविली की प्रणाली, फाइली आणि स्वॅप या तिन्हींचा वेग एकदम वाढतो. मर्यादित खर्चात जुन्या यंत्रासाठी याहून फलदायी दुरुस्ती क्वचितच असेल. वापरलेली एसएसडी विकत घ्यावयाची झाल्यास तिने आजवर किती लेखन सोसले आहे, याची नोंद ती स्वतःच ठेवीत असते. ती वाचून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. पेन ड्राइव्हवर स्वॅप ठेवणे हा केवळ अडचणीच्या वेळचा, थोड्या दिवसांचा मार्ग समजावा. तो वेगळा, त्याच कामासाठी राखलेला असावा, त्यावर दुसरी फाइल नसावी, तो कूटबद्ध असावा आणि ‘काढू नये’ अशी चिठ्ठी त्यावर लावलेली असावी.

अमेरिकेतील मायक्रॉन या स्मृती बनविणाऱ्या कंपनीने २०१९ साली हैदराबादेत विकासकेंद्र उघडले. फ्लॅशच्या पुढच्या पिढ्यांवर याच शहरातील अभियंतेही काम करीत आहेत. फ्लॅश अधिक दाट आणि स्वस्त होत जाईल, आणि दाटीबरोबर झिजेचा प्रश्न नियंत्रकावर अधिकाधिक सोपविला जाईल. कार्यालयाच्या पातळीवर मात्र एक काम नियंत्रक करू शकत नाही. जडसंग्रह नोंदवहीत संगणकाची नोंद असते, पण त्यातील एसएसडीची किंवा स्वॅपसाठी वापरलेल्या पेन ड्राइव्हची स्वतंत्र नोंद बहुधा नसते, आणि निर्लेखनाच्या वेळी ती यंत्राबरोबरच लिलावात जाते. स्वॅप कूटबद्ध नसलेली अशी प्रत्येक फ्लॅश साठवण लिलावापूर्वी वेगळी काढावी, एसएसडी असल्यास तिच्या नियंत्रकास संपूर्ण पुसण्याची आज्ञा द्यावी, आणि पेन ड्राइव्ह किंवा कार्ड असल्यास आतील चिप फोडूनच त्याचे निर्लेखन करावे.